कोरेगावचा स्तंभ आणि कामठीची पलटण

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्याचा इतिहास सांगायचा तर अडमचे उत्खनन आणि मांढळला सापडलेले वाकाटकांचे ताम्रपट हटकून येतात. इथल्या महार सैनिकांची गोष्ट निघाली की मात्र सगळे थेट भीमाकाठच्या कोरेगावला पोचतात. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईचे मोल कमी नाही. महार रेजिमेंटने सुरुवातीला आपल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच जयस्तंभ मिरवला. पण कोरेगावला लढलेली पलटण मुंबई लष्कराची होती, आणि त्या लष्करातली महारांची भरती मुख्यतः कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातली. नागपुरात तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. इकडचा महार समाज जाडेभरडे कापड विणणारा, शेतमजुरी आणि कोतवालकी करणारा. १८७७ नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या साच्यांवर गेलेला. त्यामुळे कुहीच्या सैनिकांचे मूळ शोधायचे ते कोरेगावात नव्हे, नागपूरजवळच्या कामठीच्या छावणीत, असे मला वाटते.

१८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. महार समाजाचे नेते शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये ती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारला अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले. ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि पाठोपाठ दुसरी कामठीला. जुलै १९४२ मध्ये आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना आणि समता सैनिक दलाची परिषद, दोन्ही नागपुरातच झाल्या. एकाच टापूत, एकाच सुमारास बंदूक आणि राजकीय हक्क हाती आले, म्हणून इथली भरती निव्वळ पोटासाठी होती असे म्हणता येत नाही.

‘हे तर इंग्रजांसाठी लढले’ असा आक्षेप येतो. मराठा, शीख, राजपूत पलटणीही त्याच सरकारच्या होत्या. जाब मात्र महारांनाच विचारला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ही रेजिमेंट स्वातंत्र्यानंतरही लढत राहिली. तिच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली कुही तालुक्यातली गावे गेली, घरे उठली. इथल्या सैनिकांची डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदके असलीच तर ती आता पुनर्वसनाच्या वसाहतींत, नातवंडांच्या कपाटांत असणार. कोरेगावची वारी जरूर करावी, पण त्याआधी ही कपाटे उघडायला हवीत. स्तंभावर या तालुक्यातली नावे नाहीत.