आधी अन्न, मग निरोप

देवांचे निरोप पक्ष्यांनीच का न्यावेत? त्यांना पंख असतात, हे सोपे उत्तर झाले. जुन्या कथा शेजारी ठेवून वाचताना मला आणखी एक उत्तर दिसते. निरोप मागाहून आला. त्याआधी या पक्ष्यांच्या चोचीत अन्न होते.

चिनी पुराणकथांतली सी वांगमू ही पश्चिमेची राणीमाता. कुनलुन पर्वताच्या परिसरात तिचे तीन निळे पक्षी राहतात. डोंगर, समुद्र आणि अद्भुत प्राण्यांचे वर्णन करणाऱ्या ‘शानहायजिंग’ या प्राचीन ग्रंथात त्यांचे काम एवढेच, की राणीमातेसाठी अन्न आणायचे. ते निरोपे झाले नंतरच्या कथांत. हान घराण्यातल्या वू सम्राटाची (इ. स. पू. १४१ ते ८७) दंतकथा अशी, की सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी एक निळा पक्षी पश्चिमेकडून महालापुढे येऊन उतरला. आज राणीमाता येणार, असा त्याचा अर्थ दरबारातल्या दोंगफांग श्वोने सांगितला. याच सम्राटाच्या दरबारातला कवी सीमा श्यांगरू राणीमातेच्या सेवेत तीन पायांचा कावळा ठेवतो.

कावळा म्हटला, की आपण घरी पोचतो. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येऊन थडकतो, तेव्हा देव भीतीने रूपे बदलतात. इंद्र मोर होतो, वरुण हंस, यम कावळा. संकट टळल्यावर यम कावळ्याला वर देतो, की तू जेवलास म्हणजे माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील. चिनी पक्षी देवतेकडे अन्न नेतो, आपला कावळा मृतांकडे. आणि ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या प्रसिद्ध विराणीत तर कावळ्याला दहीभात देऊ करून विठ्ठल कधी येणार, हे विचारले आहे. अन्न आणि निरोप यांचा सौदा इतका उघड क्वचितच दिसतो.

आमच्या पालघरच्या किनारपट्टीत हा सौदा अजून चालू आहे. सातपाटीला बोंबील वाळत घातले, की ज्या कावळ्याला दिवसभर हाकलतात, त्याचीच दहाव्याला हात जोडून मनधरणी करतात. तो पिंडाला शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली, असे धरतात. मग एकेक जण पुढे होतो. धाकटीचे लग्न करून देईन, आईला अंतर देणार नाही, असे चारचौघांत मोठ्याने बोलतो. कावळा वर निरोप नेतो की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. जिवंत माणसांना एकमेकांदेखत बोलायला तो लावतो, हे मात्र डोळ्यांनी दिसते.

तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याला दहाव्यालाही घड्याळ पाहावे लागते. कावळा लगेच आला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्राची त्याला मुभा आहे, आणि रजा नसलेल्या माणसाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण दर्भाचा कावळा अडून बसत नाही. त्याच्यापुढे कोणाला काही कबूल करावे लागत नाही. पिंडाला स्पर्श होतो, मंडळी उठतात, आणि धाकटीच्या लग्नाचे कोणीच बोललेले नसते.