जालन्याचा स्फोट आणि दिल्लीचा कायदा

27 ऑगस्ट 2004. वार शुक्रवार. जालन्याच्या कादरिया मशिदीवर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातील पूर्णा येथेही तसाच हल्ला झाला. नमाजाला जमलेली साधी माणसे जखमी झाली. मोंढ्यात हमाली करणारा, हातगाडी ओढणारा, बाजारपेठेत किरकोळ धंदा करणारा, असा हा समाज. गावात काही दिवस भीती राहिली आणि मग बाजार पुन्हा सुरू झाला.

या घटनेनंतर बरोबर 25 दिवसांनी, 21 सप्टेंबर 2004 रोजी, दिल्लीत दोन वटहुकूम निघाले. एकाने ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला. दुसऱ्याने 1967 च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे आज ज्याला ‘यूएपीए’ म्हणतात त्यात, दहशतवादाचे प्रकरण घालण्यात आले. देशाच्या सुरक्षाधोरणातील हे एक मोठे वळण होते. पण त्या वळणाशी जालन्याच्या स्फोटाचा काडीचाही संबंध नव्हता. दिल्लीत सत्ता बदलली होती, ‘पोटा’ रद्द करण्याचे आश्वासन पाळायचे होते, एवढेच त्याचे कारण. जालन्याच्या जखमांनी कायद्यातले एक अक्षरही हलले नाही.

मोठ्या हल्ल्यानंतर राष्ट्राचे सुरक्षाधोरण बदलते, असे आपण नेहमी वाचतो. ते खरे आहे. परंतु कोणता हल्ला ‘मोठा’ हे कोण ठरवते? मेलेल्यांच्या संख्येवरून ते ठरते, की मेलेल्यांच्या स्थानावरून? जालन्यात राहून हा इतिहास वाचणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम दिल्लीचा क्रम पाहू. 1984 मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली. मे 1985 मध्ये दिल्लीत व उत्तर भारतात ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले, आणि त्याच महिन्यात ‘टाडा’ आला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेला हा कायदा दहा वर्षे राहिला. जून 1994 पर्यंत त्याखाली 76 हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. त्यांतल्या दोन टक्क्यांनाही शिक्षा झाली नाही. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. त्या खटल्यात ‘टाडा’ वापरला गेला हे खरे. पण ज्या गुजरातेत दहशतवादाची चळवळ नव्हती तेथेही तो हजारोंवर लावला गेला, हेही तितकेच खरे. 1995 मध्ये ‘टाडा’ संपला. 1999 मध्ये महाराष्ट्राने टोळीवाल्यांसाठी म्हणून ‘मोक्का’ केला. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरला. 11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेवर हल्ला झाला. 24 ऑक्टोबरला आपल्याकडे ‘पोटा’चा वटहुकूम निघाला. 13 डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि मार्च 2002 मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात त्याचा कायदा झाला. 2004 मध्ये ‘पोटा’ गेला. पण दहशतवादी कृत्याची व्याख्या आणि बंदी घातलेल्या संघटनांची यादी यूएपीएत राहिली. ‘टाडा’ला आणि ‘पोटा’ला निदान मुदत होती. यूएपीएला मुदत नाही. कायद्याचे नाव जाते, कलमे मुक्कामाला राहतात, ही या इतिहासातील पहिली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट.

आता मराठवाड्याचा क्रम पाहू. 21 नोव्हेंबर 2003 रोजी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला. तोही शुक्रवारच. नऊ महिन्यांनी जालना आणि पूर्णा. 6 एप्रिल 2006 च्या रात्री नांदेडच्या पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट होऊन दोघे ठार झाले. बॉम्ब बनविताना तो फुटल्याचे तपासयंत्रणेने सांगितले. चार गावे, एकच मुलूख, अडीच वर्षांचा काळ. राज्याचे दहशतवादविरोधी पथक जालन्याच्या घटनेच्या सातच आठवडे आधी, जुलै 2004 मध्ये, स्थापन झालेले होते. म्हणजे यंत्रणा नव्हती असे नाही. पण या घटनांची साखळी धोरण बदलण्याजोगी आहे, असे कोणत्याही सरकारला वाटले नाही.

त्याचा परिणाम मालेगावने भोगला. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मशीद व कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले आणि 30 हून अधिक माणसे गेली. संशय गेला तो त्याच समाजातल्या नऊ जणांवर. ‘मोक्का’खालचे कबुलीजबाब पुढे आले. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर जामीन, आणि 25 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने सगळ्यांना दोषमुक्त केले. मधल्या काळात राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले होते. 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बाराही जणांना निर्दोष सोडले. 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातही त्याच महिन्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले. हे निकाल वरच्या न्यायालयात टिकतील किंवा टिकणार नाहीत. पण ज्यांची माणसे मेली त्यांना सतरा-एकोणीस वर्षांनंतरही गुन्हेगार कोण हे कळलेले नाही. कठोर कायद्याने आरोपीला न्याय दिला नाही, हे आपण ऐकतो. त्याने मृतालाही न्याय दिला नाही, हे कोणी बोलत नाही.

मग आला 26 नोव्हेंबर 2008. मुंबईवरच्या त्या हल्ल्यात 166 माणसे गेली. 29 तारखेला कारवाई संपली आणि 18 डिसेंबरला, म्हणजे एकोणीस दिवसांत, संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा व यूएपीएतील दुरुस्ती मंजूर केली. आरोपपत्राविना कोठडी 180 दिवसांपर्यंत लांबविता येऊ लागली आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन बंद झाला. मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा पथकाचे केंद्र आले, राज्याने ‘फोर्स वन’ उभारले, सागरी पोलिसांकडे लक्ष गेले. यांतले बरेच काही आवश्यकच होते. दहशतवाद खोटा नाही. तो गरिबालाच आधी मारतो: त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 58 माणसे गेली, तीही गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेली. परंतु देशाच्या स्मरणात राहिले ते ताजमहाल हॉटेलचे जळते घुमट. कसाबला जिवंत पकडून देताना प्राण गमावणारे तुकाराम ओंबळे हातात काठी घेऊन उभे होते. ती काठी बदलणे हा धोरणाचा विषय. जामीन बंद करणे हा त्याला पर्याय नव्हे.

हा एकोणीस दिवसांचा वेग पाहिला की मराठवाड्यातील आमच्या पिढ्यांना दुसरे एक वर्ष आठवते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून दलितवस्त्या जळू लागल्या. माणसे मारली गेली, घरेदारे गेली, कुटुंबे गावे सोडून परागंदा झाली. एका समाजाला भयभीत करून राजकीय निर्णय मागे घ्यायला लावणे, ही जर दहशतवादाची व्याख्या असेल, तर तो दहशतवाद नव्हता काय? त्याला ‘दंगल’ म्हटले गेले. ठरावाची अंमलबजावणी सोळा वर्षे थांबली. दलित-आदिवासींवरील अत्याचारांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा यायला 1989 साल उजाडावे लागले. एकीकडे एकोणीस दिवस, दुसरीकडे अकरा वर्षे!

येथे कोणी विचारील, अट्रॉसिटी कायदाही कठोरच आहे, त्यातही अटकपूर्व जामीन नाही. मग तुमची तक्रार काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की त्या कायद्यात अटकेनंतरच्या जामिनाचे दार उघडे आहे. आणि तरीही ‘दुरुपयोग होतो’ म्हणून मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची धार बोथट केली. 2 एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले, काहींनी प्राण दिले, तेव्हा संसदेने ती परत दिली. उलट यूएपीएखाली 2016 ते 2019 या चार वर्षांत 5,922 जणांना अटक व 132 जणांना शिक्षा, असे सरकारनेच संसदेत सांगितले. अटक झालेल्यांचे खटले वर्षानुवर्षे चालतात, म्हणून हे दोन आकडे एकमेकांना लावून हिशोब पुरा होत नाही, हे मान्य. पण दुरुपयोगाची शंका एका कायद्याबाबत लगेच येते आणि दुसऱ्याबाबत येत नाही, याचा अर्थ काय? 2019 मध्ये तर संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची सोय झाली.

हा कायदा आमच्या दारापर्यंत आलेला आहे. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी 2011 मध्ये पकडले, मे 2014 मध्ये ते निर्दोष सुटले. जून 2018 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा पकडले. जामीन मिळाला जानेवारी 2025 मध्ये. आनंद तेलतुंबडे यांनी 14 एप्रिल 2020 रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, शरणागती पत्करली. हे अपघात म्हणून सोडून देता येत नाहीत. जन्मावरून संशय घेण्याची सवय या राज्ययंत्रणेला जुनी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने गुन्हा केला की नाही हे न पाहता त्याची जमात पाहिली. 1952 मध्ये तो रद्द झाला. पण पारध्याच्या पालावर आजही गावातल्या प्रत्येक चोरीची चौकशी पहिल्यांदा येते.

बाबासाहेबांनी राज्याच्या सुरक्षेची गरज कधी नाकारली नाही. 15 सप्टेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी अटकेविषयीचे कलम मांडले, तेच पुढे कलम 22 झाले. प्रतिबंधक स्थानबद्धतेची सत्ता राज्याला असणार, हे त्यांनी गृहीत धरले. पण त्या सत्तेला कुंपण हवे: अटकेची कारणे सांगा, म्हणणे मांडू द्या, मुदत ठरवा, मंडळापुढे न्या. तेही पुरेसे नाही, असे त्यांना तेथेच ऐकवणारे सभासद होते. आज प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर त्या कुंपणाचाच एकेक खांब उपटला जातो.

जालन्याला दुसरा यूएपीए नको होता. परभणीचा तपास नीट होऊन त्याचे धागे जालन्याशी, जालन्याचे नांदेडशी आणि नांदेडचे मालेगावशी वेळीच ताडून पाहिले जावेत, एवढेच हवे होते. त्यासाठी नवे कलम लागत नव्हते. मोंढ्यातल्या हमालाची भीतीही राष्ट्राचीच भीती आहे, एवढे मान्य करावे लागत होते. ते मान्य झाले नाही, म्हणून कायदे वाढत गेले आणि सुरक्षितता मात्र जेथे होती तेथेच राहिली.