कारवी

कारवी : (लॅ. स्ट्रोबिलँथस कॅलोसा, कुल–ॲकँथेसी). सह्याद्रीच्या उतारांवर दाट रान करून वाढणारे सपुष्प झुडूप. उंची साधारण २ ते ६ मी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेस फॉन एझेनबेक यांनी १९ व्या शतकात तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या अधिवासाचे उदाहरण घ्यायचे तर, महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीच्या परिसरात चढ तीव्र, मातीचा थर पातळ आणि वर्षाचा पाऊस ३,००० मिमी.हून अधिक, त्यानंतर सात-आठ महिने कोरडे. कारवी आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरून मरते. त्या एका बहरापर्यंत तग धरणे आणि तो वाया जाऊ न देणे, या दोन गरजांना तिचा प्रत्येक अवयव साजेसा आहे.

मूळ व खोड : दाटीने वाढणाऱ्या झुडपांची मुळे एकमेकांत गुंतून वरची माती धरून ठेवतात, त्यामुळे उतारावरची धूप कमी होते. मात्र २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे कोसळली तशी खोलवरची दरड थोपवणे या मुळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. खोड सरळ, पेरेदार व चिवट असते. गर्दीत उजेडासाठी उंच वाढावे लागत असल्याने काठ्या लांब होतात. त्या उभ्या बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून कोकणात कुडाच्या भिंती करतात.

पाने : मोठी, दंतुर, खरखरीत आणि समोरासमोर जोडीने येणारी. लगतच्या जोड्या एकमेकींशी काटकोनात असल्याने वरची जोडी खालचीचा उजेड फारसा अडवत नाही. रुंद पाते पावसाळ्याच्या थोड्या महिन्यांत भरपूर अन्न तयार करते. पाऊस सरल्यावर पाने वाळून गळतात, बाष्पोत्सर्जन घटते आणि नुसत्या काठ्या पुढच्या मृगाची वाट पाहत उभ्या राहतात.

फूल : सात वर्षे खोड-पानांचीच वाढ होते, आठव्या पावसाळ्यात एका भागातील बहुतेक झुडपे एकदम फुलतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये असा बहर आला. इतर डोंगरांवरची वर्षे वेगळी असू शकतात. जांभळी-निळी फुले कणिशावर येतात. कणिशावरील छदे चिकट, केसाळ व उग्र वासाची असून कळीला आवरण देतात. पाकळ्या जुळून झालेली नळी तळाशी अरुंद व तोंडाशी रुंद असते. मधुरस तळाशी असल्याने मधमाशीला आत शिरावे लागते आणि तिच्या अंगाला पराग लागतो. नळीच्या आतील केसांच्या दोन ओळी कुक्षिवृंताला जागेवर धरतात, त्यामुळे कुक्षी येणाऱ्या माशीच्या वाटेतच राहते. बहराच्या वर्षी कारवीचा मध मिळतो.

फळ व बी : फळ म्हणजे कठीण बोंड. ते वाळून तडकते तेव्हा दोन्ही शकले झटक्याने उलगडतात आणि बियांखालचे आकड्यासारखे ताठ देठ त्यांना दूर उडवतात. रान तडतडू लागते. या प्रजातीतील अनेक जातींच्या बियांवरचे केस भिजल्यावर बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात. उतारावर वाहून न जाण्यास ही सोय उपयोगी पडते. सर्व झुडपांचे बी एकाच हंगामात पडल्याने कीटक व उंदीर ते सगळे फस्त करू शकत नाहीत, असे सामूहिक बहराचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

संवर्धन : दरवर्षी फुलणाऱ्या झाडाचा एक हंगाम हुकला तरी पुढचा असतो, कारवीला तो नसतो. बहराच्या वर्षी बी पडण्याआधी तोड झाली किंवा वणवा लागला तर तेथील संपूर्ण पिढी निर्बीज जाऊ शकते. म्हणून त्या वर्षी उतारावर जाळपट्टे राखावेत आणि कुडासाठी काठ्या बी झडून गेल्यानंतरच तोडाव्यात.