इस्पितळांची यादी

विम्याचा कागद घरांत आला कीं बहुतेक मंडळी त्यांतील रक्कम पाहतात, वर्गणी पाहतात आणि कागद कपाटांत ठेवून देतात. त्या कागदासोबत इस्पितळांची एक लांबलचक यादी असते. ती वाचण्याचा प्रसंग येतो तो घरांतील कोणी अंथरुणाला खिळल्यावर. ही यादी मुळांत आली कोठून, आणि ती मधेंच बदलते कां, याचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. आणि नवल असें कीं, त्याचा आरंभ वैद्याच्या किंवा विमेवाल्याच्या घरीं झाला नसून एका शाळाखात्यांतील माणसाच्या हातून झाला.

अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत डल्लस नांवाचें शहर आहे. १९२९ सालीं तेथील बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाची व्यवस्था जस्टिन फोर्ड किंबल यांच्याकडे आली. हे गृहस्थ पूर्वीं कित्येक वर्षें त्याच शहरांतील शाळांचे अधीक्षक होते. इस्पितळाच्या थकबाकीच्या वह्या चाळतांना त्यांना ओळखीचीं नांवें दिसूं लागलीं. पाहतात तों बिलें थकविणारांत त्यांचेच जुने शिक्षक आणि शिक्षिका पुष्कळ! माणसें अप्रामाणिक नव्हतीं. तुटपुंज्या पगारांत एकदम अंगावर येणारें बिल त्यांना पेलवत नव्हतें, एवढेंच. किंबल यांनीं अधीक्षक असतांना शिक्षकांसाठीं एक आजारपणाचा निधि चालविला होता. वर्षाकाठीं किती शिक्षक किती दिवस आजारी पडतात याचा अदमास त्या निधीच्या वह्यांवरून त्यांना होता. त्यावर त्यांनीं हिशेब मांडला. प्रत्येक शिक्षकानें दरमहा ५० सेंट, म्हणजे वर्षाला ६ डॉलर द्यावे, आणि त्याच्या मोबदल्यांत वर्षांतून २१ दिवसांपर्यंत इस्पितळानें त्याला बिनखर्च ठेवून घ्यावें. डिसेंबर १९२९ मध्यें योजना सुरू झाली तेव्हां बाराशेंहून अधिक शिक्षक तींत दाखल झाले होते. नाताळच्या सुमारास एक शिक्षिका बर्फावरून घसरली, तिचा घोटा मोडला, आणि योजनेचा पहिला लाभ तिला मिळाला, असें सांगतात.

या योजनेंत यादी नव्हती, कारण इस्पितळ एकच होतें. घोटा मोडलेल्या शिक्षिकेला दुसऱ्या इस्पितळांतला वैद्य अधिक विश्वासाचा वाटला असता, तर तिचे ५० सेंट तिच्या उपयोगीं पडले नसते. निवडीचा प्रश्न असा या विम्याच्या जन्माबरोबरच जन्मला. परंतु त्या दिवसांत तो कोणाला फारसा टोंचला नाहीं. कारण शेअरबाजार नुकताच कोसळला होता आणि लोकांपेक्षां इस्पितळांनाच घोर लागला होता. एका वर्षाच्या आंत अमेरिकन इस्पितळांना दर रुग्णामागें होणारी सरासरी प्राप्ति २३६ डॉलरांवरून ५९ डॉलरांवर आली. खाटा ओस पडल्या. अशा वेळीं दरमहा ठरलेली रक्कम घेऊन येणारा वर्गणीदार हा देवासारखाच वाटला असल्यास आश्चर्य नाहीं. मग प्रत्येक इस्पितळ आपली स्वतंत्र योजना काढूं लागलें आणि एकाच गांवांत इस्पितळें वर्गणीदारांसाठीं एकमेकांशीं झगडूं लागलीं.

हा झगडा मिटला तो १९३२ सालीं, कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो शहरांत. तेथील इस्पितळांनीं मिळून एकच योजना काढली. वर्गणी एका ठिकाणीं भरावी आणि त्यांपैकीं कोणत्याही इस्पितळांत जावें. पुढल्याच वर्षीं न्यू जर्सी राज्यांतील न्यूआर्क व त्याच्या आसपासच्या इस्पितळांनीं तोच मार्ग धरला. यादी जन्माला आली ती अशी. आणि ती कोणाला वगळण्यासाठीं नव्हती, तर सर्वांना एका छपराखालीं आणण्यासाठीं होती. अमेरिकन इस्पितळांच्या संघानें १९३३ मध्यें अशा योजनांसाठीं जीं तत्त्वें मान्य केलीं, त्यांत वैद्य आणि इस्पितळ निवडण्याचें स्वातंत्र्य रुग्णाकडे राहावें, हें एक मुख्य होतें. मिनेसोटांतील सेंट पॉल येथील योजनेनें आपल्या जाहिरातीवर निळा क्रूस छापला, आणि 'ब्लू क्रॉस' हेंच नांव पुढें अशा सर्व योजनांना पडलें. १९४० च्या सुमारास तिचे सभासद ६० लाखांवर गेले होते.

याच काळांत दुसरीही एक वाट फुटली होती. कोलोरॅडो नदीचें पाणी लॉस एंजलिसकडे नेणाऱ्या कालव्याचें काम वाळवंटांत चाललें होतें. तेथें सिडने गारफील्ड नांवाच्या तरुण डॉक्टरानें १९३३ मध्यें अवघ्या १२ खाटांचें इस्पितळ बांधलें आणि दर मजुरामागें दिवसाला ५ सेंट आगाऊ घेऊन तें चालविलें. पुढें उद्योगपति हेन्री कायझर यांनीं त्याला आपल्या धरणाच्या आणि जहाजांच्या कामावर बोलाविलें, आणि १९४५ मध्यें ती योजना सर्वसाधारण जनतेला खुली झाली. तेथें विमा, वैद्य आणि इस्पितळ हीं तिन्ही एकाच घरचीं. रुग्णाला बाहेर जाण्याची मुभा नाहीं, पण घरांतल्या घरांत हिशेबाचा तंटाही नाहीं. अमेरिकन वैद्यांच्या संघांनीं या पद्धतीला दीर्घकाळ विरोध केला. तिच्या मागें लागलेली माणसें मात्र वाढतच गेलीं.

ब्लू क्रॉसच्या मोकळ्या यादींत एक वैगुण्य होतें, आणि तें कळायला पन्नास वर्षें लागलीं. इस्पितळानें जेवढा खर्च दाखवावा तेवढा योजनेनें भरावा, अशी रीत पडून गेली होती. १९६५ मध्यें सरकारनें वृद्धांसाठीं मेडिकेअर योजना काढली तिनेंही हीच रीत उचलली. खर्च करणारा एक, देणारा दुसरा, आणि ज्याच्यासाठीं तो होतो तो तिसरा. मग हात आखडता घेणार कोण? वर्गण्या चढत गेल्या. अखेर कॅलिफोर्नियानें १९८२ सालीं कायदा करून विमेवाल्यांना निवडक इस्पितळांशींच करार करण्याची मोकळीक दिली. दर कमी करील तें इस्पितळ यादींत, न करील तें बाहेर. खाटा रिकाम्या असलेल्या इस्पितळांनीं दर उतरविले. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. यादीचा अर्थ त्या दिवसापासून पालटला. जी सर्वांना आंत घेण्यासाठीं झाली होती, ती आतां कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय उपयोगाचीच राहिली नाहीं.

मुंबईकरांना हा पालट अनुभवास आला तो १ जुलै २०१० रोजीं. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनीं १९८६ मध्यें मेडिक्लेम सुरू केला, तेव्हां आधीं बिल स्वतः भरावें आणि मग पैसे मागावे असा शिरस्ता होता. २००१ च्या नियमांनीं मध्यस्थ संस्थांना मान्यता मिळाल्यावर कॅशलेसची सोय सर्वत्र रूढ झाली. विमा आहे असें कळतांच कांहीं इस्पितळें बिल फुगवितात, अशी कंपन्यांची तक्रार होती आणि ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येणार नाहीं. चारही सरकारी कंपन्यांनीं त्या दिवसापासून मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, या शहरांत ठरीव दर मान्य करणाऱ्या इस्पितळांपुरतीच कॅशलेसची सोय ठेवली. नामांकित मोठीं इस्पितळें एका रात्रींत यादीबाहेर गेलीं. विमा रद्द झाला नव्हता, पैसे मागाहून मिळणारच होते. परंतु शस्त्रक्रियेची तारीख घेऊन बसलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थानें लाखभर रुपये त्या आठवड्यांत आणावे कोठून? वर्गणी घेतांना एक यादी आणि आजारी पडल्यावर दुसरी, ही गोष्ट व्यवहाराला धरून असेल, न्यायाला धरून नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें सामान्य विमा कंपन्यांच्या परिषदेनें यादीबाहेरच्या इस्पितळांतही कॅशलेस देण्याचें जाहीर केलें. त्याला अट अशी कीं, ठरवून करावयाच्या उपचारांची सूचना ४८ तास आधीं द्यावी आणि तातडीच्या वेळीं दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आंत द्यावी.

यादीवरून अवघें शहर दुभंगल्याचें उदाहरण मात्र अमेरिकेंतील पिट्सबर्गचें. तेथें ब्लू क्रॉसची वारस असलेली हायमार्क ही सर्वांत मोठी विमा कंपनी, आणि यूपीएमसी ही सर्वांत मोठी इस्पितळांची संस्था. यूपीएमसीनें आपला स्वतःचा विमाही काढला होता. २०११ मध्यें हायमार्कनें डबघाईस आलेली एक प्रतिस्पर्धी इस्पितळसंस्था विकत घेण्याचें ठरविलें. आमचेच रुग्ण तुम्ही आपल्या इस्पितळांकडे वळवाल, मग आम्हीं तुमच्याशीं करार कां ठेवावा, असा यूपीएमसीचा सवाल. तो अगदींच बिनतोड नव्हता. कारण स्वतःचा विमा काढून तिनेंही तेंच केलें होतें. दोन सावकारांच्या भांडणांत कुळांची जी गत होते ती विमेदारांची झाली. राज्याचे गव्हर्नर आणि महान्यायवादी यांनीं मध्यें पडून २०१४ मध्यें दोन्ही पक्षांकडून न्यायालयासमोर लेखी बंधन घेतलें. त्यानें तातडीचे रुग्ण, कर्करोगी, ज्यांचे उपचार अर्धवट आहेत असे लोक आणि वृद्ध यांच्यासाठीं दार उघडें राहिलें. तें बंधन ३० जून २०१९ रोजीं संपणार होतें.

तारीख जवळ येऊं लागली तशी यूपीएमसीनें जाहीर केलें कीं, यादीबाहेरच्या रुग्णांनीं तातडीखेरीज अन्य उपचारांचा अंदाजी खर्च आगाऊ भरावा. ज्यांची वर्षानुवर्षें एकाच डॉक्टरकडे चिकित्सा चालली होती ते दुसरा डॉक्टर शोधूं लागले. कर्करोग्याला डॉक्टर बदला म्हणणें हें शिंपी बदला म्हणण्यासारखें नव्हे. महान्यायवादी जॉश शपिरो यांनीं फेब्रुवारी २०१९ मध्यें दावा लावला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि मुदतीला सहा दिवस उरले असतां, २४ जून रोजीं, दोन्ही पक्षांनीं दहा वर्षांचा नवा करार केल्याचें जाहीर झालें.

अशा भांडणांचा अनुभव जमेस धरूनच अमेरिकेच्या केंद्र सरकारनें केलेला एक कायदा १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आला. इस्पितळाचा विमेवाल्याशीं असलेला करार तुटला, तरी गंभीर आजाराचा, गर्भवतीचा किंवा दाखल झालेल्या रुग्णाचा उपचार जुन्याच दरानें ९० दिवसांपर्यंत चालू ठेवावा लागतो, आणि यादी दर ९० दिवसांनीं पडताळून पाहावी लागते. गर्भवतीला ९० दिवस कधीं पुरतात, कधीं पुरत नाहींत. पिट्सबर्गचा करार २०२९ सालीं संपतो. बेलरच्या योजनेला त्याच वर्षीं शंभर वर्षें पुरीं होतील.