धुळाक्षरे कोणासाठी?

आपल्या पणजोबांनी 'ओनामासीधं' म्हणत अक्षरे काढली ती धुळीत. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे. खर्च काहीच नाही. अक्षराचे वळण बोटाला जाणवते आणि चूक मागे उरत नाही.

१७८९ साली अँड्र्यू बेल मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. जवळच्या एका गावठी शाळेत मुले वाळूत लिहिताना त्यांना दिसली. हीच रीत आपल्याकडे आणावी असे त्यांनी ठरवले, पण शिक्षक तयार होईनात. मग बेल यांनी आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच वर्ग दिला! मुलांनी मुलांना शिकवण्याची ही 'मद्रास पद्धत' पुढे इंग्लंडभर गेली. मात्र याच बेल यांनी १८०५ साली लिहिले, की गरिबांच्या सगळ्याच मुलांना लेखन आणि हिशेब शिकवण्याचे कारण नाही. वाळू घेतली, लिहिण्याचा हक्क मात्र राखून ठेवला.

आपणही बेलना हसू नये. पंतोजींच्या शाळेत धूळ फुकट होती, पण अस्पृश्य मानलेल्या मुलांना तिथे जागा नव्हती. नांदेड-लातूरकडे आणखी एक अडचण होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य; कचेरी आणि वरचे वर्ग उर्दूत. मराठीत गिरवलेली अक्षरे पुढे फारशी कामी येत नसत.

आता शाळा तांड्यापर्यंत पोचली आहे. पण मुखेड-कंधारकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. परतलेले मूल फळ्यावरचे मुकाट्याने उतरवून घेते. वही भरते, आपल्यालाही बरे वाटते. पण उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे. स्वतःच्या मनातले एक शब्दाचे का होईना, पण कागदावर यावे लागते.

त्यासाठी वर्णमालेच्या क्रमाने जायलाच हवे असे नाही. तो क्रम तोंडातल्या उच्चारस्थानांचा आहे, हाताच्या सोयीचा नाही. हाताला 'क'पेक्षा 'ट', 'ग', 'न' सोपे. धूळ तर कोपीपुढेही असते. आणि गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पहिला शब्द 'आई'च का द्यावा? तो घरी जिला हाक मारतो ती 'याडी'. दोन अक्षरे, एक काना, एक वेलांटी.