पोरो आणि लीलिया: सौंदर्यशिक्षणाचा एक आरंभ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना शेतमजुरी, धुणे किंवा परक्या घरची चाकरी यांखेरीज कमाईचा मार्ग क्वचितच मिळत असे, आणि याच कोंडीतून ‘ब्यूटी कल्चर’, म्हणजे केस व त्वचा यांची निगा राखण्याची पद्धतशीर विद्या, शिकून करावयाचा व्यवसाय म्हणून उभी राहिली. ॲनी टर्नबो मलोन यांनी सेंट लुइस येथे ‘पोरो’ नावाची केशप्रसाधने विकताना विक्रेत्या स्त्रियांना त्यांच्या वापराचे शिक्षणही दिले. सारा ब्रीडलव्ह, म्हणजेच पुढे विख्यात झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर, आधी कपडे धुऊन गुजराण करीत आणि नंतर काही काळ मलोन यांच्या विक्रेत्या होत्या. त्यांनी १९०८ मध्ये पिट्सबर्गला, मुलीच्या नावे, लीलिया कॉलेज काढले. डोक्याची त्वचा धुऊन मलम चोळणे आणि तापवलेल्या धातूच्या कंगव्याने केस विंचरणे, असा तेथील पद्धतीचा गाभा होता. मलोन यांनी १९१८ मध्ये सेंट लुइस येथे उभारलेल्या पोरो कॉलेजात वर्ग, कारखाना, सभागृह व वसतिगृह एकाच वास्तूत होते. वर्णभेदामुळे सार्वजनिक सभागृहांची दारे बंद असलेल्या समाजाला या वास्तूचे मोल विशेष होते. या शिक्षणाचे खरे फळ प्रसाधनापेक्षा संघटनेत दिसते: वॉकर यांच्या विक्रेत्या स्त्रियांच्या १९१७ च्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात दोनशेहून अधिक प्रतिनिधींनी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करण्याची मागणी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे तारेने केली.