एका गोळीचे पानिपत

नापास झालेल्या मुलापासून तुपात विरघळलेल्या अनारशापर्यंत कशाचेही आपण ‘पानिपत’ करतो. तरीही १४ जानेवारी १७६१ ची गोष्ट निघाली, की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतेच, “विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर!”

या ‘तर’वरच जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा रचली. दुसऱ्या कुणी गिलच्यांच्या फौजा, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि उधळलेले हत्ती यांनी पाने भरली असती, आणि त्या धुरळ्यात माणूस दिसेनासा झाला असता. कल्पित लढायांच्या कथांत बहुधा तसेच होते. नारळीकरांनी सारे रण बखरीच्या एका पानात बसवले. त्या पानावर गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात. मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी आहेच!

बाकी सारी कथा गंगाधरपंतांची. हे पुण्याचे इतिहासकार, ९९९ सभांचे अध्यक्ष! ट्रकची धडक बसून ते त्या दुसऱ्या जगात पोहोचतात, तिथल्या ग्रंथालयात स्वतःचेच ग्रंथ चाळतात, आणि आझाद मैदानावर व्यासपीठावर रिकामी खुर्ची दिसताच सवयीने जाऊन बसतात. अध्यक्ष ही चीज तिथल्या लोकांनी केव्हाच मोडीत काढलेली. मग टोमॅटो आणि अंडी! साम्राज्य बदलले, पंत तेच राहिले. म्हणून तर तो बदल आपल्याला कळतो. शेवटचे विज्ञान जरा लांबते खरे, पण पंतांच्या खिशातले बखरीचे फाटके पान ते सावरून घेते.

इतिहास मात्र इतका सुटसुटीत नाही, वाचकहो. गोळी सुटण्याआधी कित्येक दिवस रसद तुटलेली होती. माणसे आणि जनावरे उपाशी होती. विश्वासराव वाचते, तरी भाऊसाहेबांना ती उपाशी फौजच लढवायची होती. पुतण्या पडलेला पाहून ते हत्तीवरून उतरले आणि घोड्यावरून गर्दीत शिरले, असे सांगतात. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले.

विश्वासराव तेव्हा १९ वर्षांचेही नव्हते. कथेतल्या त्या दुसऱ्या जगात ते शनिवारवाड्यात परतले, तेव्हा आईने, गोपिकाबाईंनी, काय केले असेल? नारळीकरांनी तेवढे लिहिले नाही. मला ते वाचायला आवडले असते.